घर सोडून शिकायला जायचं का? कोकणातल्या बारावीवाल्यांसाठी

मे महिन्यात आमच्या राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही घराच्या खळ्यात संध्याकाळी जाऊन बसा. बारावी झालेल्या पोराला हा प्रश्न येतोच: "मग काय, मुंबईला येतोस ना?" विचारणारा काका प्रेमानं विचारतो. पोराकडे उत्तर नसतं, कारण तोवर कुणी त्याच्याशी बसून हिशोब मांडलेला नसतो. मग निकाल लागतो, आंबा संपतो, पाऊस धरतो, आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेला तीन-चार वर्षांचा निर्णय एका दुपारी उरकला जातो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि हे दर वर्षी बघते. मी स्वतःही अशीच गेले होते. मैत्रिणी पुण्याला निघाल्या म्हणून मीही निघाले. ज्या बी.एस्सी.साठी गेले, ती रत्नागिरीतही होती. एका खोलीत आम्ही सहाजणी होतो, मेसचं जेवण मानवलं नाही, आजारी पडले आणि दिवाळीला घरी आले ती परत गेलेच नाही. वर्ष गेलं, आणि बाबांनी काजूच्या पैशांतून भरलेली फीही गेली. पुढच्या जूनमध्ये रत्नागिरीत प्रवेश घेतला. पदवी झाल्यावर एम.एस्सी.साठी पुन्हा पुण्यालाच गेले आणि ती दोन वर्षं छान झाली. शहर तेच होतं. पण दुसऱ्यांदा जाताना मला हवा असलेला विषय तिथं होता, पैशांचा हिशोब झालेला होता आणि राहायची जागा मी डोळ्यांनी बघून आले होते.

त्या दोन जाण्यांमधला फरक इथे क्रमाने लिहिते आहे. मुलांनी वाचावं, आणि जमलं तर आईबाबांनीही सोबत बसून वाचावं. एक दोनशे पानी वही घ्या. पुढचं सगळं त्यात लिहायचं आहे.

पहिली पायरी: वहीत तीन रकाने पाडा

आपल्याकडे प्रश्न नेहमी "गाव की मुंबई" असाच मांडला जातो. खरे पर्याय तीन आहेत. पहिला, घरून रोज ये-जा. दुसरा, कोकणातच, पण घराबाहेर राहून: रत्नागिरी, चिपळूण, दापोली, लोणेरे, ओरोस, सावंतवाडी. तिसरा, मुंबई-ठाणे, किंवा घाटापलीकडे कोल्हापूर-पुणे, किंवा सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाच्या मुलांसाठी गोवा.

मधला पर्याय कुणी मोजतच नाही, आणि माझ्या अनुभवात बऱ्याच मुलांना तोच सगळ्यात जास्त मानवतो. शनिवारी दुपारची एसटी धरली की रात्री घरी जेवायला पोचता येतं, आजारी पडलं तर आई दोन-तीन तासांत येऊ शकते, आणि तरीही स्वतःचे कपडे धुणं, महिन्याचे पैसे पुरवणं, एकट्यानं बँकेत जाणं हे सगळं शिकून होतं. म्हणून वहीत तिन्ही रकाने पाडा, आणि मधला रिकामा ठेवू नका.

दुसरी पायरी: आधी कोर्स ठरवा, गाव नंतर

"मला पुण्याला शिकायचंय" हे वाक्य वहीत लिहू नका. "मला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचंय" असं लिहा, आणि मग तो विषय कुठे कुठे मिळतो ते बघा. विषय नक्की नसेल तर किमान शाखा तरी लिहा.

आपल्या किनाऱ्यावर काय आहे, याची यादी आपल्यालाच नीट माहीत नसते. शेतीसाठी दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. उद्यानविद्या आणि वनशास्त्रही दापोलीला आहे, आणि उद्यानविद्येचं एक महाविद्यालय कुडाळजवळ मुळद्याला. मत्स्यशास्त्रासाठी तर दुसऱ्या जिल्ह्यांतली मुलं घर सोडून रत्नागिरीजवळच्या शिरगावला येतात. अभियांत्रिकीसाठी लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, शिवाय रत्नागिरी शहरात आणि देवरुखजवळ आंबवला महाविद्यालयं आहेत. वैद्यकीयसाठी एकेकाळी घाट चढण्यावाचून किंवा मुंबई गाठण्यावाचून फारसा इलाज नव्हता. आता डेरवणला खासगी महाविद्यालय आहे, आणि अलिबाग व ओरोसला २०२१ पासून, रत्नागिरीला २०२३ पासून शासकीय महाविद्यालय आहे. चित्रकलेसाठी सावर्डे, कायद्यासाठी रत्नागिरी. कला, वाणिज्य आणि विज्ञानाची चांगली महाविद्यालयं बहुतेक तालुक्यांच्या गावी आहेत. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर तर १९४५ सालचं आहे. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्रही रत्नागिरीत आहे.

हे सांगण्याचा हेतू तुम्हाला इथं अडकवून ठेवण्याचा नाही. काही गोष्टी इथं नाहीत, आणि त्यासाठी जावंच लागतं. मूलभूत विज्ञानात संशोधनाकडे जायचं असेल तर पुण्याची आयसर, रसायन अभियांत्रिकीसाठी माटुंग्याची आयसीटी, परदेशी भाषांसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, चित्र-शिल्पकलेसाठी मुंबईचं जे. जे. अशी जागा मिळत असेल तर जा, आणि घरच्यांनी कर्ज काढूनही पाठवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र जी बी.कॉम. किंवा बी.ए. घरापासून तासाभरावर मिळते, तिच्यासाठी शहरातल्या एखाद्या साध्याशा कॉलेजात जाऊ नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठालाच संलग्न आहेत. पदवीच्या कागदावर त्याच विद्यापीठाचं नाव येतं.

कॉलेज निवडताना त्या विषयाचे कायम शिक्षक किती आहेत ते विचारा. ही माहिती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असते किंवा कार्यालयात मिळते. तिसऱ्या वर्षाला तुमचा विषय चालू राहतो का, हेही विचारा. काही ठिकाणी पहिल्या वर्षाला विषय असतो, पण विद्यार्थी कमी पडले की तिसऱ्या वर्षाला तो बंद होतो आणि मुलाला दुसरा विषय घ्यावा लागतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघा, पण केवळ तिच्यावर जाऊ नका.

आणखी एक लक्षात ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची घेता येते आणि चार वर्षांनंतरचं पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं असू शकतं. म्हणजे "आत्ता नाही गेलो तर कधीच नाही" असं काही नाही. पदवी इथं आणि पुढचं शिक्षण बाहेर, हा मार्ग माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी घेतला, आणि एकविसाव्या वर्षी ते शहरात जास्त घट्ट पायांनी उभे राहिले.

तिसरी पायरी: ये-जा करणार असाल तर तास मोजा

"घरी राहून शिकतोय, म्हणजे खर्च नाही" हा गैरसमज आधी काढून टाका. घरून ये-जा करणं हीसुद्धा एक किंमत आहे, फक्त ती तासांत मोजावी लागते.

वाडीपासून थांब्यापर्यंत चालणं, एसटीची वाट बघणं, प्रवास, आणि तालुक्याच्या स्टँडपासून कॉलेज. हे एका बाजूला दोन तास होत असेल तर दिवसाचे चार तास. वर्षात दोनशे दिवस कॉलेज धरलं तर आठशे तास, आणि पदवी होईपर्यंत चोवीसशे तास. सकाळची वस्तीची गाडी साडेपाचला सुटते, मूल पहाटे साडेचारला उठतं, संध्याकाळी सातला दमून येतं आणि पुस्तक उघडल्या उघडल्या झोपतं. अशी मुलं माझ्या वर्गात पहिल्या तासाला डोळे चोळत बसलेली असतात. ती कष्टाळू आहेत, हुशारही आहेत, पण त्यांचा दिवस रस्त्यावर संपतो. शिवाय प्रात्यक्षिकं दुपारी असतात आणि परतीची गाडी प्रात्यक्षिकांसाठी थांबत नाही.

म्हणून माझा नियम असा: एका बाजूला एक तास, फार तर सव्वा तास असेल तर ये-जा करा. त्यापुढे गेलं तर मधल्या रकान्याकडे वळा. मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: हिवाळ्यात अंधार लवकर पडल्यावर थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता कसा आहे, सोबत कोण आहे. हे प्रश्न नीट न सोडवल्यामुळे चांगल्या शिकणाऱ्या मुली दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडताना मी पाहिल्या आहेत. त्यांचं शिक्षण थांबवण्यापेक्षा त्यांना वसतिगृहात ठेवणं कितीतरी बरं.

पैशांच्या बाजूने एसटी परवडते. विद्यार्थ्यांचा मासिक पास साधारण एक-तृतीयांश भाड्यात निघतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट निम्म्या दरात आहे. जून ते सप्टेंबर किती दिवस गाडी येत नाही, साकवावर पाणी चढतं की नाही, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. वेळापत्रक उन्हाळ्यातलं बघून ये-जा ठरवू नका.

चौथी पायरी: पैसे, आणि ते कधी येतात

ही पायरी सगळ्यात मोठी आहे. घाई करू नका.

वहीत एका वर्षाचा पूर्ण खर्च लिहा: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह किंवा खोलीचं भाडं, अनामत, मेस, स्थानिक प्रवास, घरी यायचे तिकिटाचे पैसे, पुस्तकं, मोबाइल, औषधं, आणि पहिल्या महिन्यातली बादली-गादी-कुलूप ही खरेदी. अनामत पहिल्या वर्षीच लागते, म्हणून ती वेगळी लिहा. खोली भाड्यानं घेतली तर करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो आणि मे महिन्यात तुम्ही घरी असलात तरी भाडं चालूच राहतं. मेसला मात्र सुट्टीचे दिवस कापून देतात का, ते आधी विचारता येतं. एका वर्षाची बेरीज झाली की तिला कोर्सच्या वर्षांनी गुणा. पहिल्या वर्षाचे पैसे बहुतेक घरं जमवतात. ओढाताण दुसऱ्या वर्षी सुरू होते.

आता दुसऱ्या पानावर घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते लिहा. हे फार कमी घरं करतात. आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो. काजू-बी साधारण मार्च ते मे. किनाऱ्यावर मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि प्रवेशाची फी भरायची असते नेमकी जून ते ऑगस्टमध्ये. म्हणजे मच्छीमार घराला फीचा बोजा येतो तेव्हा होडी शाकारून ठेवलेली असते. आंब्याचा पैसा हाती असतो, पण तोवर त्यातला बराच खतं, फवारणी, मजूर आणि उसनवारीत गेलेला असतो. म्हणून एप्रिलमध्येच, पहिल्या पेट्या विकल्या की प्रवेशाचा पैसा वेगळ्या खात्यात टाका. मच्छीमार घरांनी मार्चपासून दर आठवड्याला थोडा थोडा बाजूला काढावा. जुलैत सावकाराकडे किंवा सोनं घेऊन बँकेत धावावं लागतं, त्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसणं हे नसतं. तो चुकीच्या महिन्यात येतो, एवढंच.

कर्ज काढावं लागलं तर लाजू नका. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे तारण लागत नाही. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज मात्र शिकत असतानाही चढत राहतं. जमलं तर महिन्याचं व्याज तेवढं भरत राहा, म्हणजे शेवटी हप्ता छातीवर बसत नाही. आणि कर्ज कोर्स बघून काढा. ज्या पदवीनंतर लगेच नोकरीची खात्री नाही, तिच्यासाठी कलमांची बाग गहाण टाकू नये.

पाचवी पायरी: दाखले आणि शिष्यवृत्ती

दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे शाळेची परीक्षा द्यायला पावसात घाट चढून साताऱ्याला चालत गेले, आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे ते महर्षी कर्वे झाले. तुमच्यावर अशी पाळी दाखल्यांमुळे येऊ देऊ नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता यांच्यासाठी बारावीच्या परीक्षेआधीच अर्ज करा. जात वैधतेला महिनोन्‌महिने लागू शकतात, आणि ती वेळेत नसल्यामुळे राखीव जागा हातची जाते. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा. प्रवेशाच्या फेऱ्या भर पावसात येतात. वीज नसते, नेटवर्क नसतं, सेतूत गर्दी असते. सगळे कागद मेमध्येच स्कॅन करून फोनमध्ये, ईमेलवर आणि एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

योजना बऱ्याच आहेत, आणि जवळपास सगळ्या शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर किंवा संबंधित विभागाच्या पोर्टलवर अर्जानं मिळतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत (कॅप) फेरीतून प्रवेश घेणाऱ्या, उत्पन्नाच्या याच मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. वसतिगृह आणि जेवण त्यात येत नाही.

राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत, आणि आपल्याकडच्या मुलांना त्यांची नावंच माहीत नसतात: अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, जमातीच्या मुलांसाठी स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करा. नकार आला तर या योजनांचं दार उघडतं.

मात्र हे पैसे उशिरा येतात. कधी वर्ष संपल्यावर येतात. वहीत शिष्यवृत्ती "मिळाली तर" या रकान्यात लिहा आणि पहिलं वर्ष तिच्याविना निभावेल असं बघा.

सहावी पायरी: जाऊन बघा, आणि पावसात बघता आलं तर उत्तम

कॉलेज न बघता प्रवेश घेऊ नका. आई किंवा बाबांपैकी एकानं सोबत यावं. एक आख्खा दिवस काढा, आणि तो सुट्टीचा नसावा.

कॉलेजच्या फाटकापाशी उभं राहून दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना विचारा: तास होतात का, प्रयोगशाळा उघडी असते का, कुठल्या गोष्टीचा सगळ्यात त्रास आहे. शिक्षक आणि कार्यालय चांगलंच सांगणार. मुलं खरं सांगतात. वसतिगृहात रेक्टरला भेटा. पाणी किती वेळ येतं, रात्री किती वाजेपर्यंत आत यावं लागतं, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेतं, रविवारी संध्याकाळी मेस चालू असते का, हे विचारा. मेसमध्ये पैसे देऊन एकदा जेवा. आपल्याकडच्या पोरांना महिनाभर भात-मासे मिळाले नाहीत की काय होतं ते मला माहीत आहे. ही लहान गोष्ट समजू नका. पोट बिघडलं की अभ्यास बिघडतो. माझा तसाच बिघडला होता.

मुंबईत नातेवाइकाकडे राहायचा विचार असेल तर तिथेही बघायला जा. डोंबिवली किंवा विरारच्या घरातून दक्षिण मुंबईतल्या कॉलेजला रोज जायचं तर लोकलचा वेळ धरून तिसऱ्या पायरीतलं तासांचं गणित पुन्हा मांडा. एका खोलीत पाच माणसं असतील तर रात्री दिवा किती वाजेपर्यंत लावता येईल, हे आत्याला आधीच, मोकळेपणानं विचारा. किती पैसे द्यायचे तेही बोला. "घरचंच आहे, कसले पैसे" म्हणून सुरू झालेलं राहणं सहा महिन्यांत कडू होतं आणि दोन घरांतलं बोलणं तुटतं. काही गावांच्या मंडळांच्या मुंबईत जुन्या खोल्या आहेत, जिथं गावचे चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पहिल्या महिन्याचा आसरा म्हणून ती सोय फार मोलाची आहे. मात्र तिथं अभ्यास होईलच, असं धरू नका.

सातवी पायरी: घरात बोलणं

मुलांना सांगते: "मला जायचंच आहे" म्हणून बोलायला सुरुवात करू नका. वही पुढे ठेवा. आईच्या मनात वेगळीच भीती असते, आणि ती बहुतेक वेळा पैशांची नसते. ती विचारा. "तू गेल्यावर आजीला दवाखान्यात कोण नेणार?" हा खरा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर लागतं. पेरणीला, लावणीला, आंबा काढायला घरात माणूस कमी पडणार असेल तर तेही लिहा, आणि मजुरीचा खर्च चौथ्या पायरीत धरा.

आईबाबांना हात जोडून सांगते: मुलीला "आधी भावाचं होऊ दे" म्हणू नका. दोघांचे रकाने वेगवेगळे मांडा. आणि ज्या मुलाला जायचं नाही, त्याला भित्रा म्हणू नका. काही मुलं घरच्या होडीत, बागेत, दुकानात खरंच रमतात. त्यांच्यासाठी जवळचा कोर्स निवडणं ही माघार नाही. दापोलीला शिकून घरच्या कलमांत परतलेला मुलगा ज्या आत्मविश्वासानं बागेत फिरतो, तो मी पाहिला आहे.

आठवी पायरी: पसंतीक्रम भरताना

केंद्रीभूत प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून जे कॉलेज बघितलेलं नाही आणि ज्याचा खर्च वहीत मांडलेला नाही, ते पहिलं टाकू नका. "भरून तर बघू" म्हणून टाकलेलं कॉलेज खरंच लागतं, आणि मग घरात रडारड होते. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. सायबर कॅफेवाल्यानं भरलेला क्रम स्वतः वाचून मगच पक्का करा. प्रत्यक्ष हजर राहायचं असेल तर एक दिवस आधी निघा. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत दरड आली तर तारीख तुमच्यासाठी थांबणार नाही.

गोव्यात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. सावंतवाडी-दोडामार्गहून ताळगावचं गोवा विद्यापीठ जवळ वाटतं, पण तिथं आपण परराज्यातले ठरतो. जागा, फी आणि महाराष्ट्राच्या शिष्यवृत्त्या, तिन्हींचे नियम बदलतात. ते वाचूनच अर्ज करा.

नववी पायरी: पहिले अडीच महिने

गेलात तर पहिल्या अडीच महिन्यांत कोर्सबद्दल मत बनवू नका. घरची आठवण सगळ्यांना येते. संध्याकाळी दिवेलागणीला जास्त येते. रोज ठरावीक वेळी घरी फोन करा, पण दिवसातून पाच वेळा नको. पहिल्या आठवड्यातच वर्गातला एक, वसतिगृहातला एक आणि आपल्या जिल्ह्यातला एक, असे तीन जण जोडा. रॅगिंग झालं तर गप्प बसू नका, १८००-१८०-५५२२ हा देशभराचा क्रमांक आहे. मन फारच खचलं, झोप उडाली, तर १४४१६ वर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हे दोन्ही क्रमांक आईच्या फोनमध्येही घालून ठेवा.

गणपतीचं तिकीट आधी काढा. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि त्या दिवसांतली तिकिटं काही मिनिटांत संपतात. घरापासून लांब असलेल्या पोराला गणपतीत घरी पोचता आलं नाही तर ते फार लागतं. उपस्थितीची ७५ टक्क्यांची अटही बघा आणि गणपती, दिवाळी, शिमगा यांचे दिवस त्यात बसवा. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा बहुतेक वेळा परीक्षा तोंडावर असते, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

परत यावं लागलं तर

प्रवेश रद्द करण्याच्या तारखा प्रवेश घेतानाच वहीत लिहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे लवकर रद्द केलं तर बहुतेक फी परत मिळते, उशीर होत गेला की कमी होत जाते आणि ठरावीक दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. पडताळणी झाली की ते परत मागा आणि घरी आणून ठेवा. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. माझे कागद महिनोन्‌महिने तिकडेच अडकून होते आणि बाबांना त्यासाठी दोनदा पुण्याला जावं लागलं.

गणपतीत घरी याल तेव्हा वही सोबत आणा. आरती-प्रसाद आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, पडवीत आईबाबांजवळ बसा आणि चौथ्या पायरीच्या पानावर आणखी एक रकाना पाडा. जूनपासून खरोखर किती खर्च झाला, तो त्यात भरा. अंदाज आणि खर्च यांत फार अंतर पडलं असेल तर दिवाळीपर्यंत कुठे कमी करायचं, किंवा आंब्याच्या पैशातून पुढच्या वर्षी किती जास्त वेगळे काढायचे, ते त्याच रात्री ठरवा. तास आवडतात की नाही, जेवण मानवतं की नाही, हेही त्याच पानावर दोन ओळींत लिहा आणि खाली तारीख घाला.